आवडलेलं उत्तर

हावगीराव सरांसमोर "आज ऊन फार आहे" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कशाच्या मानानं?" प्राचार्य बैठकीत म्हणाले, यंदा निकाल घसरला, मागच्या रांगेतून आवाज आला, "कशाच्या मानानं?" पुतण्यासाठी मुलगी बघायला सगळं घर निलंग्याला गेलं होतं. मुलीचे मामा कौतुकानं म्हणाले, मुलगी उंच आहे. सरांच्या तोंडून सवयीनं प्रश्न निघून गेला. मामांनी पुतण्याकडं पाहिलं, पुतण्यानं जमिनीकडं. लग्न झालं, पण त्यानंतर सुमनवहिनींनी नवऱ्याला कुठल्याही बैठकीला सोबत नेलं नाही.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी संख्याशास्त्र. दोन्ही विभागांना मिळून एकच खोली. दोन टेबलं, एक कपाट, एक खिडकी. वेळापत्रक, परीक्षेच्या पाळ्या, कोणी कोणती किल्ली नेली, हे सगळं माझ्याकडं असायचं, कारण मला याद्या करायला आवडतात आणि बाकी कुणाला आवडत नाहीत. सर माझ्या टेबलावरच्या यादीवर वाकून विचारायचे, "ह्यात माझं नाव कुठं हाय मॅडम?"

"पाठपुरावा या सदरात. मागच्या महिन्यापासून."

"बरं हाय. कुठंतरी हाय म्हणायचं."

उंच, सडपातळ माणूस. कपाळाला भस्माची पुसट रेघ, दुपारपर्यंत घामानं जाणारी. चहा उभ्यानं प्यायचे. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत शिकवायचे, पहिल्या बाकावरच्या मुलांच्या माना टेनिस बघितल्यासारख्या हलायच्या. बोलणं संपलं की दारापर्यंत जायचे आणि तिथून परत यायचे, कारण खरी गोष्ट त्यांना दारात आठवायची. मी तर त्यांचं पहिलं बोलणं अर्ध्या कानानंच ऐकायचे आणि दारातून परत आले की पेन खाली ठेवायचे.

घर मूळचं उदगीरचं. वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती, ती पुढं थोरल्या भावानं चालवली. सरांनाही वडिलांनी, अण्णांनी, गादीवर बसवून पाहिलं होतं. "दोन दिस बसलो," ते सांगायचे. "तिसऱ्या दिशी अण्णा म्हणले, बाबा, तू कॉलेजलाच जा. तुझ्या चकरा बघून शेतकरी समोरच्या आडतीत जायलेत."

या अस्वस्थ माणसानं आयुष्यातलं सगळ्यात चिवट काम निवडलं होतं, तेही पन्नाशीच्या जवळ आल्यावर. निसर्गाचे नियम पूर्वीही आजच्यासारखेच होते का, हे त्यांना तपासायचं होतं.

मी विचारलं, पूर्वी म्हणजे कधी. त्यांचाच "कशाच्या मानानं" मी उलटा विचारल्याचा त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, "पृथ्वीच्या बी आधी."

मला जे समजलं ते असं. फार दूरवर क्वासार नावाच्या अतिशय तेजस्वी वस्तू आहेत. त्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. वाटेत त्याला वायूचे ढग लागतात. ढगातलं लोखंड, मॅग्नेशियम आपापल्या ठरलेल्या रंगांचा उजेड गिळून टाकतात, आणि तो उजेड पसरवून पाहिला की त्या जागी बारीक काळ्या रेघा दिसतात. रेघांमधली अंतरं विजेच्या बळावर अवलंबून असतात. त्या बळाचं माप सांगणारा एक स्थिरांक आहे, अल्फा. त्या काळी, त्या ढगात, अल्फा आजच्यापेक्षा थोडा जरी वेगळा असेल तर लोखंडाच्या रेघा सरकलेल्या सापडतील. मॅग्नेशियमच्या मात्र जवळजवळ जागच्या हलणार नाहीत.

"मॅग्नेशियम आपला खुंटा," सर म्हणायचे. "लोखंड म्हणजे दाव्याला बांधलेलं वासरू. खुंट्यापासून किती लांब गेलं ते मोजायचं."

"पण नुसतं लोखंडच का नाही मोजायचं?"

"हां! बगा मॅडम. मोंढ्यात समजा सगळी वजनं हलकी झाली आणि तूर बी तेवढीच हलकी झाली. काटा काय म्हणल? काहीच न्हाई म्हणणार. कुणाला पत्ता लागणार न्हाई. पण तूर एक हिस्सा आणि हरभरा तीन हिस्से हलका झाला, तर दोघं समोरासमोर ठेवल्याबरोबर चोरी उघडी पडंल." ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "चोरी कुणाची, ते मात्र कळणार न्हाई हं."

सरकणार किती? दहा लाखांत काही भाग. म्हणून हे काम करणारे लोक स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत, आणि मला या सगळ्यात तेवढीच गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली.

दुर्बीण त्यांच्याकडं नव्हती, तिची गरजही नव्हती. परदेशातल्या डोंगरांवरच्या मोठ्या दुर्बिणींची जुनी निरीक्षणं काही काळानंतर सगळ्यांसाठी खुली होतात. सर ती उतरवून घ्यायचे. त्यांना जोड मिळाली नाझनीनची. उदगीरच्या एका शिंप्याची ही मुलगी, एम.एस्सी. झालेली, नांदेडच्या विद्यापीठात सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नोंदवलेली. संगणकाचं सगळं लिखाण तिचं. उदगीरहून सकाळच्या एसटीनं लातूरला यायची आणि आमच्या खिडकीखाली स्टूल ओढून बसायची. सर चकरा मारायचे, ती रेघा जुळवायची.

"सर, बसा ना हो. स्क्रीनवर सावली पडून राहिली."

"तू तुझं कर."

"करून राहिले. पण तुमची सावली बी मोजली जाईल अल्फात."

अशा कामात एक रिवाज आहे. मोजणाऱ्याला उत्तर दिसलं की त्याचा हात नकळत तिकडं वळतो. एखादी रेघ सोडून देतो, एखादी धरतो. म्हणून मूळ माहितीतच एक खोटं सरकणं मिसळून ठेवायचं, किती ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही. काम पुरं झालं, आता यात काही बदलणार नाही असं ठरलं, की मग ते खोटं काढून टाकायचं आणि खरं उत्तर पाहायचं. खोटा आकडा टाकायला सरांनी मला धरलं. या भौतिकशास्त्रातलं मला काही कळत नाही आणि मी गप्प राहू शकते, ही दोन कारणं त्यांनी तोंडावर सांगितली.

मी आकडा टाकला. त्या दिवसापासून सरांची झोप गेली.

एका रविवारी मी गंजगोलाईत भाजी घेत होते. सर समोरून पिशवी हलवत आले. मेथीच्या जुडीकडं बघत म्हणाले, "मॅडम, आकडा विचारत न्हाई."

"बरं."

"फकस्त धन हाय का ऋण, तेवढं."

मी काही बोलायच्या आत दोन्ही हात वर केले. "न्हाई! न्हाई! सांगू नका. सांगितलं तर सगळं काम वाया जाईल." आणि गेले. मी कोथिंबीर घेतेय तोवर परत आले. "मी बळंच विचारलं तरी सांगायचं न्हाई. मी पाया पडलो तरी भुलू नका."

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय चोरलंय ह्यांनी?"

पुढं महिनोन् महिने असंच. माझा चेहरा वाचायला नको म्हणून रेघांची चर्चा चालली की ते मला खोलीबाहेर काढायचे. माझ्याच खोलीतून! मी याद्या घेऊन ग्रंथालयात बसायचे.

शेवटी एका शनिवारी नाझनीन म्हणाली, आता यात बदलण्यासारखं काही उरलं नाही. सरांनी तिला विचारलं, नक्की? मग तिनं सरांना, मग दोघांनी मला आत बोलावलं. मी आकडा सांगितला, तिनं तो वजा केला. त्यांनी निवडलेल्या त्या एका ढगात लोखंडाच्या रेघा खुंट्यापासून सरकलेल्या होत्या. थोड्याच, पण चुकीची जितकी मर्यादा त्यांनी धरली होती तिच्या बऱ्याच पलीकडं.

नाझनीननं तोंडावर ओढणी धरली. सर खिडकीपाशी गेले, दारापाशी गेले, परत खिडकीपाशी. मग एकदम म्हणाले, "पेढे आण गं."

बातमी नांदेडला पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या विभागप्रमुखांनी चर्चासत्र ठरवलं, सरांचं भाषण मुख्य ठेवलं, पत्रकारांना निरोप गेले. लेख लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता. नाझनीनचा प्रबंध त्या एका उत्तरावर उभा राहणार होता, आणि देगलूरच्या एका कॉलेजानं तिला सांगितलेलं होतं, पदवी हातात पडली की या. घरचे तिच्या लग्नाचं बोलणं पदवीपर्यंत थांबवून बसले होते. सरांच्या निवृत्तीला फार दिवस नव्हते. थोडक्यात, सगळ्यांच्या वेळा जुळल्या होत्या. मला असं जुळलेलं वेळापत्रक आवडतं. मी त्या आठवड्यात खूश होते.

सरही खूश होते, पेढे खात होते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मी पेपर तपासत असताना दारातून परत आले.

"मॅडम, उत्तर उघडल्यावर आपून काय काय तपासलं?"

"काहीच नाही. ठरलं होतं ना, उघडल्यावर हात लावायचा नाही."

"हाव. आणि उत्तर शून्य आलं असतं तर?"

मी जे मनात आलं ते बोलले. "तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उघडून बसला असता. तो यंत्रातला दिवा बघितला असता, यंत्र बघितलं असतं, मला दोष दिला असता."

ते उभे होते तिथंच थांबले. "म्हणजे न आवडणाऱ्या उत्तराला झडती, आणि आवडलेल्याला पेढे."

दिव्याचं नाव मी ऐकलं होतं, पण त्याची गोष्ट मला तेव्हा समजली. दुर्बिणीतल्या उजेडाचे रंग मोजायला पट्टी लागते. ती पट्टी यंत्रातच लावलेल्या थोरियमच्या दिव्यानं आखतात, कारण त्या दिव्याच्या रेघा प्रयोगशाळेत नीट मोजलेल्या असतात. अडचण एवढीच की दिवा यंत्राच्या अगदी जवळ. त्याचा उजेड यंत्राची फट भरून आत शिरतो. क्वासारचा उजेड म्हणजे एक ठिपका, तो फटीत थोडा इकडं पडतो, थोडा तिकडं.

"दिवा दारातून आत आला आणि पाहुणा खिडकीतून," सर म्हणाले. "आपून दिव्याला विचारून पाहुण्याची उंची सांगायलोत."

तपासायची वाट होती, आणि ती त्यांना आधीपासून माहीत होती हेच त्यांना लागलं होतं. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान खडक. त्यांना स्वतःचा उजेड नसतो, सूर्याचाच उजेड ते परतवतात. सूर्याच्या रेघा आपल्याला अगदी नेमक्या ठाऊक आहेत. त्याच यंत्रानं लघुग्रह पाहिला, तर पट्टी कुठं ताणलेली आहे ते समजेल. आणि आमचा क्वासार पाहिला गेला त्याच आठवड्यात, त्याच यंत्रावर, दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक लघुग्रह पाहून ठेवला होता. तीही माहिती खुली होती.

नाझनीनला ते पटलं नाही. खरं म्हणजे पटलं, आणि म्हणूनच ती चिडली.

"सर, अब नक्को. झालं ना."

"झालं न्हाई."

"लोकांनी दिव्यावरच लेख छापले ना इतके? त्यांना कुणी विचारलं?"

"विचारलं. म्हणून तर लघुग्रहाचं निघालं."

"मग आधी सांगायचं होतं ना! आकडा उघडायच्या आधी! तेव्हा केलं असतं तर मी हसत केलं असतं." ती माझ्याकडं वळली. "मॅडम, तुम्ही सांगा ह्यांना."

मी काय सांगणार. मी म्हटलं, "नाझनीन, लेख पाठवल्यावर हे दुसऱ्या कुणी काढलं तर?"

"तर तेव्हा बघू!" आणि मग हळू आवाजात, "अब्बा मोहल्ल्यात सांगून बसलेत, मॅडम. माझ्या पोरीला आसमानात काहीतरी सापडलं म्हणून."

सर खिडकीबाहेर बघत होते. "मी बळजबरी करत न्हाई," ते म्हणाले. "पण मला तुझं लिखाण चालवता येत न्हाई. करायचं तर तुलाच करावं लागंल."

"म्हणजे माझ्याच हातानं."

सरांनी खिडकीची कडी लावली आणि परत काढली.

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, स्टूल ओढलं. लघुग्रहाचा उजेड घातला, सूर्याच्या रेघांशी ताडून पाहिला. पट्टी एका टोकाकडं ताणलेली निघाली. फार नाही. पण खुंटा त्या पट्टीच्या एका टोकाला होता आणि वासरू दुसऱ्या. तिनं तो ताण काढून टाकला. लोखंडाच्या रेघा परत आपल्या जागी येऊन बसल्या. उत्तर शून्य धरायला हरकत नाही इतकं शून्याजवळ आलं.

सर म्हणाले, "नाझनीन."

तिनं लॅपटॉप मिटला आणि निघून गेली. सर तिच्या मागं दारापर्यंत गेले. त्या वेळी ते परत आले नाहीत, तिथंच चौकटीत उभे राहिले.

चर्चासत्र रद्द करायची वेळ निघून गेली होती. नांदेडला आम्ही दोघं सरांच्या गाडीनं गेलो. लोह्यापर्यंत ते गरज नसताना गिअर बदलत होते. सभागृहाच्या दारावर कापडी फलक होता, विश्वाचा नियम बदलल्याचा शोध वगैरे, सरांच्या नावासह. त्यांनी चपला काढाव्यात तितक्या सहज तो सोडवला, गुंडाळला आणि भिंतीशी उभा केला. शिपाई ओरडला, "ओ साहेब, वक्त्याचा हाय तो!"

"मीच हाय वक्ता."

भाषण त्यांनी चालतच केलं. सगळं क्रमानं सांगितलं, ढग, खुंटा, झाकलेला आकडा, उघडलेला आकडा, पेढे. पेढ्यांवर लोक हसले. मग त्यांनी लघुग्रह सांगितला आणि हसणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या पत्रकारानं वही मिटली.

एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "म्हणजे स्थिरांक बदलत नाही, असं सिद्ध झालं म्हणायचं?"

"न्हाई. आमच्या पट्टीला दिसंना, एवढंच."

"मग इतकी वर्षं तुम्ही केलं काय?"

सर चालता चालता थांबले. वर्गात कधी अडले नसतील असे ते तिथं अडले. प्रश्न त्यांच्याबद्दलचा असता तर त्यांनी उडवून लावला असता, पण त्या वर्षांत नाझनीनचीही वर्षं होती.

"मी सांगते," मागून आवाज आला.

नाझनीन शेवटच्या रांगेत बसलेली होती. उदगीरहून एसटीनं आली होती, आम्हाला न कळवता. ती पुढं आली, सरांच्या हातातला माईक घेतला आणि फळ्यावर ताणलेल्या पट्टीची आकृती काढली. म्हणाली, खोटं सरकणं कसं तयार होतं ते आम्ही इथं मोजून दाखवलं आहे, आणि याच यंत्रावरच्या ज्या ज्या निरीक्षणांना हा ताण लागला असेल, ती सगळी परत पाहावी लागतील. ती कुठली, तेही तिनं सांगितलं. आधी दोन दिवस ती आली नव्हती, तेव्हा घरी बसून हीच यादी काढत होती, हे मला तिथं समजलं. प्रश्नांवर प्रश्न यायला लागले. ज्येष्ठ प्राध्यापकांनी तीन विचारले. विभागप्रमुख शेवटी म्हणाले, "मग हाच तुमचा प्रबंध करा की." ती म्हणाली, "वेळ वाढवून द्या, करते." त्यांनी मान डोलावली.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं पायऱ्यांवर उभे होतो. तिची उदगीरची गाडी होती, आम्हाला लातूरला निघायचं होतं. सर म्हणाले, "तुझं नुकसान झालं, पोरी."

"झालं ना सर. देगलूरवाले काय थांबतात आता." पिशवी तिनं खांद्यावर अडकवली. "आणि बाकीचे ढग तपासायचेत. मी सोमवारपासून घेते."

"मी बी येतो. निवृत्तीनंतर मला काय काम हाय."

"तुम्ही नक्को."

"का?"

"आता तुम्हाला शून्य आवडायलंय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले, गाडी माझी नसताना. मग ते नाझनीनकडं वळून म्हणाले, "असं कसं म्हणतीस?"

"बघा ना. मघाशी 'दिसंना' म्हणताना तुम्ही हसत होते." आणि ती निघाली. रस्त्याच्या कडेनं भराभर चालत गेली, वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. गाडी चालू केल्यावर म्हणाले, "मी हसत होतो का?"

"थोडं."

"कशाच्या..." एवढंच म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला.

त्या सोमवारपासूनच माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात झाली आणि महिन्याभरात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी नव्हते, त्यामुळं माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन ती संध्याकाळच. दिवेलागणीला त्यांनी मला माझ्या फाटकाशी सोडलं. "येतो मॅडम" म्हणाले आणि गाडी गल्लीच्या टोकाकडं निघाली. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, आणि स्टिअरिंगवरून सारखा उचलला जाणारा डावा हात. तो वर जायचा, मुद्दा मांडायचा, खाली यायचा, क्षणभर ऐकून घेतल्यासारखा थांबायचा आणि पुन्हा वर जायचा. शेजारचं आसन रिकामं होतं. नाझनीन तेव्हा उदगीरच्या एसटीत बसली असणार, आणि ते अजून तिच्याशीच वाद घालत होते.